डॅफोडिलला नुसता पाला, फूल एकही नाही: दर वसंतात हाच घोळ का होतो?

यंदाही तेच. बर्फ वितळला, डॅफोडिलचे कोंब बोटभर वर आले, तीन आठवड्यांत हातभर पानं झाली आणि गाडी तिथेच अडली. नुसता पाला. बाजूच्या वाफ्यात पिवळ्या फुलांची दाटी आणि झुडपाखालच्या या बेटात औषधालाही कळी नाही. एखाद्या वर्षी असं झालं तर हवामानावर ढकलून मोकळं होता येतं. सलग तीन-चार वर्षं होत असेल तर चूक आपली असते आणि ती बहुतेक वेळा मागच्या मे-जूनमध्ये झालेली असते.

(महिने सगळे उत्तर गोलार्धातले. दक्षिणेकडच्यांनी सहा महिने पुढे सरकवून वाचावं.)

थंड प्रदेशात अगदी सुरुवातीला फुलणारी झाडं, मग ते स्नोड्रॉप, क्रोकस, डॅफोडिलसारखे कंद असोत की फॉर्सिथिया, मॅग्नोलियासारखी झुडपं, एका बाबतीत सारखी असतात. त्यांची कळी वसंतात तयार होत नाही. आदल्या उन्हाळ्यातच ती आत घडते, हिवाळाभर दडून बसते आणि बर्फ हटताच बाहेर पडते. इतक्या लवकर फुलण्याचं गुपित तेच आहे. त्यामुळे मार्चमध्ये फुलं दिसत नाहीत म्हणून धावत जाऊन खत टाकणं म्हणजे वरातीमागून घोडं. मी हे दोन वर्षं केलं आहे आणि तेही लॉनच्या गवतासाठी मिळणारं, नत्र जास्त असलेलं खत घालून. पानं अशी माजली की बघत राहावं.

आधी एवढं ठरवा: कळी झालीच नाही, की होऊन मेली?

हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. ओळखायला दोन मिनिटं लागतात. पानांच्या जुडग्यात बोटं घालून बुडापर्यंत चाचपा. पानं चपटी लागतात, फुलाचा दांडा जाडसर आणि ताठ लागतो. दांडाच नसेल तर कळी मुळात घडलीच नाही. दांडा आहे, त्याच्या टोकाला कागदासारखं तपकिरी आवरण आहे आणि ते दाबल्यावर आत पोकळ किंवा सुकलेलं लागतंय, तर कळी होती, नंतर करपली.

खात्री करायची असेल तर ऑक्टोबरमध्ये त्या बेटातला एक कंद उकरून काढा आणि धारदार सुरीने बुडापासून शेंड्यापर्यंत उभा चिरा. एका कंदाचा बळी जातो, पण दहा अंदाजांपेक्षा हे बरं. मी पहिल्यांदा चिरला तेव्हा दोन कंद घेतले होते, एक फुलणाऱ्या वाफ्यातला आणि एक या मुक्या बेटातला. फुलणारा कंद मुठीत मावेल एवढा होता. पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध फिकट पिवळसर कोंब आणि त्या कोंबाच्या कुशीत, भिंगाची गरज न लागता दिसेल अशी, कळी. बाहेर अजून हिवाळा सुरू व्हायचा होता आणि पुढच्या मार्चचं फूल आत तयार होतं. दुसरा कंद लसणाच्या पाकळीएवढा, एका बाजूने चपटा झालेला. आत पापुद्रे आणि पानांचे कोंब, बाकी काही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कळी झालीच नाही: संशयित क्रमाने

पहिला संशय गर्दीवर घ्या. डॅफोडिलचा कंद दरवर्षी बाजूला पिल्लं धरतो. पाच-सहा वर्षांत एका कंदाची जागा दहा-पंधरा कंद अडवतात. पाणी आणि अन्न तेवढंच, खाणारी तोंडं दसपट. कोणताच कंद फुलण्याएवढा भरत नाही. माझ्या बेटात मी सुरुवातीला सात कंद लावले होते. उकरल्यावर साठाच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. काही एकमेकांना इतके चिकटलेले की दोन्ही बाजूंनी दाबलेल्या पेढ्यासारखे आकार झाले होते.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ पाळायला हवी. पानं पिवळी पडून आडवी झाली की, साधारण जूनमध्ये, बेट बागकामाच्या दातेरी काट्याने बाजूने उचला. मधोमध काटा घातलात तर निम्मे कंद टोचले जातील. हाताने सहज सुटतील तेवढेच वेगळे करा, जे सुटत नाहीत त्यांना ओढू नका. मऊ पडलेले फेकून द्या. मोठे कंद लगेच किंवा सप्टेंबरात लावा, कंदाच्या उंचीच्या अडीच-तीन पट खोल, म्हणजे मोठ्या डॅफोडिलसाठी साधारण १५ सेंटिमीटर. दोन कंदांत कंदाच्या रुंदीच्या दुप्पट तरी अंतर. लसणाच्या पाकळीएवढी पिल्लं एखाद्या कोपऱ्यातल्या वाफ्यात वाढायला टाका. त्यांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, तेव्हा दर्शनी जागा त्यांना देऊ नका.

दुसरा संशय आपल्या टापटिपीवर. फुलं गेल्यावर डॅफोडिलची पानं अस्ताव्यस्त पडतात, बाग केस न विंचरल्यासारखी दिसते. मग कुणी कात्री चालवतं, तर कुणी पानांच्या गाठी मारतं. मी तर चक्क वेण्या घातल्या होत्या. पाहुणे येणार होते, आणि पानांच्या तीस-पस्तीस वेण्या ओळीने फार देखण्या दिसत होत्या. पण कंदाला पुढच्या वर्षाचं अन्न पुरवणारी हीच पानं. वेणी घातली की निम्म्याहून जास्त पान सावलीत जातं, पीळ बसतो आणि ते लवकर मरतं. फूल सुकल्यावर किमान सहा आठवडे पानांना हात लावायचा नाही. ती स्वतःहून पिवळी पडून हलक्या ओढीने सुटतील तेव्हाच काढायची. फक्त सुकलेलं फूल, मागच्या फुगीर भागासकट, खुडून टाका म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. हिरवा दांडा राहू द्या, तोही पानाचंच काम करतो.

पसारा डोळ्यांत खुपत असेल तर पुढे होस्टा किंवा डेलिली लावा. डॅफोडिल आडवी पडायला आणि यांची पानं पसरायला एकच गाठ पडते.

हिरवळीत क्रोकस लावणाऱ्यांची गोष्ट हीच, फक्त गुन्हेगार गवत कापायचं यंत्र. क्रोकसची पानं गवतासारखी बारीक असतात, मध्ये पांढरी रेघ असते. ती गवतात दिसत नाहीत आणि पहिल्या कापणीतच जातात. क्रोकसचा कंद तर दरवर्षी नवा घडतो, जुना आटून जातो. नव्याला पोसणारी पानंच उडवली की दोन-तीन वर्षांत ताटवा ओसाड. ज्या पट्ट्यात क्रोकस आहेत तो पट्टा पानं पिवळी पडेपर्यंत कापू नका. हिरवळ हवी की क्रोकस, हे एकदा ठरवून टाकलेलं बरं.

तिसरा संशय खोलीवर. उथळ लावलेला कंद फुलण्याऐवजी फुटत राहतो. लहान-लहान तुकडे वाढतात, एकही भरत नाही. शिवाय वरच्या थरात उन्हाळी कोरड आणि हिवाळी गोठण-वितळण दोन्ही जास्त. माझा अनुभव असा की ‘१५ सेंटिमीटर’ म्हणताना लोक खड्ड्याची खोली मोजतात आणि त्यात भुसभुशीत माती धरतात. ती बसली की उरतात दहा.

खत द्यायचं असेल तर फुलं सुकू लागल्यापासून पानं पिवळी पडेपर्यंत द्या आणि पोटॅश जास्त असलेलं द्या. टोमॅटोसाठी मिळतं ते द्रवखत चालतं. याच काळात कोरड पडली तर पाणीही घाला. फुलं संपल्यावर आपलं लक्ष दुसऱ्या झाडांकडे जातं आणि नेमकं तेव्हाच कंदाचं वर्षभराचं जेवण चालू असतं.

झुडपाखालची जागा ही चौथी गोष्ट. पानगळीच्या झाडाखाली लवकर येणारे कंद छान राहतात, कारण झाडाला पानं येईपर्यंत त्यांना ऊन मिळतं. पण झाड मोठं होतं, सावली दाट होते, मुळं पाणी ओढतात. दहा वर्षांपूर्वी योग्य असलेली जागा आज योग्य असेलच असं नाही. सदाहरित झुडपाखाली तर विषयच सोडा. माझं मुकं बेट अशाच झुडपाच्या पदराखाली गेलं होतं. मी लावलं तेव्हा झुडूप गुडघ्याएवढं होतं.

कंद मऊ लागतोय, पानं गवतासारखी

हे वेगळं प्रकरण आहे. बेटातल्या काही कंदांनाच बारीक, गवतासारखी पानं येत असतील आणि उकरल्यावर कंद मऊ लागत असेल, तर उभा चिरून बघा. आत तपकिरी चिखल आणि त्यात एक जाडजूड, मळकट पांढरी अळी निघाली तर ती नार्सिसस माशीची. ही माशी लहान भुंग्यासारखी केसाळ दिसते, म्हणून कुणी संशय घेत नाही. मे-जूनमध्ये उन्हाच्या दिवशी पिवळ्या पडणाऱ्या पानांच्या बुडाशी ती अंडी घालते. अळी मातीतून खाली उतरून कंदाच्या तळातून आत शिरते आणि मधला कोंब खाऊन टाकते. एका कंदात बहुधा एकच अळी, पण तेवढी पुरते.

औषध मारून फारसं साधत नाही. पानं मरताना मातीत कंदापर्यंत जाणारी भोकं पडतात, ती पायाने दाबून किंवा वर माती ओढून बुजवा. उबदार, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागा या माशीला आवडतात. भिंतीलगतच्या उन्हाच्या पट्ट्यात वारंवार त्रास होत असेल तर कंद थोड्या मोकळ्या, वाऱ्याच्या जागी हलवा. अळी लागलेला कंद कंपोस्टात टाकू नका.

अळी नाही, पण कंदाचं बूड तपकिरी-लालसर होऊन सडतंय, तर ती फ्युजेरियम बुरशीची बूडकुज. उबदार मातीत ती जोर करते. असे कंद काढून टाका आणि त्या जागी काही वर्षं डॅफोडिल लावू नका. तिसरी शक्यता सूत्रकृमींची, म्हणजे दोऱ्यासारख्या सूक्ष्म किड्यांची. चिरलेल्या कंदात तपकिरी कडी दिसतात, पानांवर फिकट पिवळे उंचवटे येतात. व्यावसायिक शेतकरी कंद ४४.४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन तास ठेवून ही कीड मारतात. घरच्या पातेल्यात हा प्रयोग करू नका. एक-दोन अंश वर गेलात तर कंद शिजतो, खाली राहिलात तर कीड जगते. कंद उपटून नष्ट करा.

कळी होती, पण करपली

इथे उशिरा पडलेल्या फ्रॉस्टवर, म्हणजे रात्रीत गोठवणाऱ्या थंडीवर, सगळं खापर फुटतं, आणि स्नोड्रॉप-क्रोकसच्या बाबतीत ते अन्यायाचं आहे. कडाक्याच्या सकाळी स्नोड्रॉप, हेलेबोर मान टाकून जमिनीवर लोळताना दिसले तरी घाबरू नका. ऊब आली की दुपारपर्यंत ते उभे राहतात. जानेवारीत चार दिवस ऊब आली म्हणून डॅफोडिलची पानं डोकावली तरीही काळजी नको. शेंडे थोडे पिवळे पडतील, कळी अजून खाली मातीत असते. त्यांच्यावर पांघरुणं टाकत बसू नका.

डॅफोडिलची कळी करपण्याचं कारण जास्त वेळा पाणी असतं. दांडा वाढत असताना माती कोरडी पडली, किंवा थंडीतून एकदम दोन दिवस उन्हाळ्यासारखी ऊब आली, की कळी आवरणातच सुकते. दुहेरी पाकळ्यांच्या जाती यात सगळ्यांत नाजूक. ज्यांच्याकडे दर वसंतात दुहेरी फुलांच्याच कळ्या करपतात त्यांनी एकेरी जातींकडे वळावं. मी वळलो आणि पस्तावलो नाही.

कुंडीतल्या कंदांची तऱ्हा निराळी. जमीन खोलवर हळूहळू थंड होते, कुंडी चारही बाजूंनी गोठते आणि मुळं मरतात. मग वसंतात कोंब निघतो, चार बोटं वाढतो आणि बसतो. हिवाळ्यात कुंड्या भिंतीलगत एकत्र ठेवा, भोवती पालापाचोळा भरा, किंवा थंड पण गोठणार नाही अशा शेडमध्ये हलवा. आणि लावण्याआधी कंद फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंदांच्या शेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलिन वायू सुटतो, तो कंदातली कळी मारतो. बाहेरून कंद टणटणीत, आतून खेळ खलास.

मॅग्नोलियावर मात्र फ्रॉस्टचा आरोप सिद्ध होतो. उमललेल्या पाकळ्या शून्याखाली दोन-तीन अंशांतच तपकिरी पडतात, ओल्या टिश्यूसारख्या लोंबतात. दरवर्षी हेच होत असेल तर झाड कुठे आहे ते बघा. दक्षिणेच्या भिंतीला टेकून असेल तर तीच भिंत त्याला लवकर जागं करते आहे. नवं लावताना सावकाश तापणारी जागा निवडा, किंवा उशिरा फुलणारी जात घ्या. जुन्या मोठ्या झाडासाठी काही करता येत नाही. तीन वर्षांतून एकदा पूर्ण बहर मिळतो, तेवढा पदरात पाडून घ्यायचा.

फॉर्सिथिया तर स्वतःच निदान लिहून देते. झुडपाच्या खालच्या गुडघाभर भागात पिवळी फुलं आणि वर नुसत्या काड्या? मग फुलं आली आहेत ती हिवाळ्यात बर्फाखाली असलेल्या फांद्यांना. वरच्या कळ्या कडाक्याने मेल्या. फांदी जगते, पानं येतात, फुलाची कळी मात्र तेवढी काटक नसते. अशा ठिकाणी ‘मेडोलार्क’, ‘नॉर्दर्न सन’ यांसारख्या कळ्यांनी काटक जाती लावाव्यात. आणि वर-खाली कुठेच फूल नसेल तर गेल्या वर्षी छाटणी कधी केलीत ते आठवा. ऑगस्टनंतर केली असेल तर फुलं तुम्हीच कचऱ्यात टाकलीत. फॉर्सिथियाची छाटणी बहर ओसरताच, पंधरा दिवसांच्या आत.

ट्युलिपचं काय?

ट्युलिप पहिल्या वर्षी झकास, दुसऱ्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी एकेक रुंद पान. यात तुमचा दोष फार कमी. ट्युलिपचा लावलेला कंद फुलून झाल्यावर संपतो आणि त्याच्या जागी नवे कंद घडतात. हे नवे कंद फुलण्याएवढे भरायला उन्हाळा कोरडा आणि उबदार लागतो, कारण याची मूळ घराणी मध्य आशियाच्या डोंगरांतली. आपण त्याच वाफ्यात उन्हाळी फुलझाडं लावून रोज पाणी घालतो. निचरा चांगला करा, २० सेंटिमीटरपर्यंत खोल लावा, डार्विन हायब्रिड किंवा टार्डा, क्लुसियाना यांसारखे रानटी वाणाचे छोटे ट्युलिप निवडा. ते टिकतात. बाकीच्यांना एका हंगामाचे पाहुणे समजावं.

कोंबच वाकडे, करपलेले, पानांवर ठिपके आणि ओल्या हवेत राखाडी बुरशी दिसली तर तो बॉट्रायटिस. अशी झाडं मुळासकट काढा, तीन वर्षं तिथे ट्युलिप नको. नवे ट्युलिप नोव्हेंबरात, माती चांगली गार झाल्यावर लावले तर धोका कमी होतो.

आणि काहीच उगवलं नाही, वर माती उकरलेली दिसतेय, तर खार किंवा उंदीर. ट्युलिप आणि क्रोकस त्यांना प्रिय. डॅफोडिल आणि स्नोड्रॉप विषारी असतात, त्यांना तोंड लावत नाहीत. लावल्यावर वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरा, कोंब तिच्यातून वर येतात. पिवळ्या क्रोकसच्या पाकळ्या चिंध्या होऊन पडलेल्या असतील तर काम चिमण्यांचं. त्यावर मला अजून राग सोडून काही उपाय सापडलेला नाही.

स्नोड्रॉप आणि विंटर ॲकोनाइट लावूनही उगवत नाहीत अशी तक्रार दर शरदात होते. हे कंद हवेत ठेवले की लवकर सुकून मरतात. पाकिटातले सुकटलेले घेण्यापेक्षा फुलं ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच, कुणाच्या तरी बेटातून जुडगा उचलून लगेच लावा. सुकेच घ्यावे लागले तर ॲकोनाइटचे कंद रात्रभर पाण्यात भिजत घाला.

आता आज काय करायचं ते. एप्रिलमध्ये बागेत फिरा आणि ज्या बेटांना फूल नाही त्यांच्याशेजारी एक-एक काडी रोवा, काडीवर ‘दांडा नाही’ किंवा ‘कळी सुकी’ असं लिहा. जूनमध्ये पानं गेली की कोणतं बेट कुठे होतं ते कुणालाही आठवत नाही. मी दोन वर्षं आठवणीवर विसंबून चांगलं फुलणारं बेट उकरलं होतं.

माझं झुडपाखालचं बेट गेल्या जूनमध्ये उचललं. मोठे चोवीस कंद उन्हाच्या वाफ्यात गेले, पिल्लं मागच्या कोपऱ्यात. यंदा चोवीसपैकी नऊ फुलले. झुडपाखाली हाताला न लागलेले काही राहिलेच होते, तिथे परत पाला आला आहे.